ढोल-ताशा पथक : श्रवण, शिक्षण व नेतृत्व

ढोल, ताशा व झांज या वाद्यांच्या साहाय्याने मिरवणुकीत अथवा उत्सवप्रसंगी समूहाने तालवादन करणाऱ्या संघास ‘ढोल-ताशा पथक’ म्हणतात. पुणे शहर व त्याभोवतालचा हवेली, मुळशी आणि मावळ तालुक्यांचा परिसर हे या वादनाचे प्रमुख क्षेत्र होय. नाशिक, मुंबई, ठाणे, कोल्हापूर इ. ठिकाणीही त्याचे स्थानिक प्रकार आढळतात. या वादनास लिखित स्वरलेखन अथवा ताललेखन नाही. ते कानाने शिकले जाते व कानानेच चालविले जाते. त्यामुळे पथकाचा इतिहास हा वाद्यांचा व उत्सवाचा इतिहास आहे, तसाच तो ऐकण्याच्या बदलत गेलेल्या रीतींचाही आहे. कोण कोणाचे ऐकतो, किती अंतरावरून ऐकतो आणि काय ऐकून हात उचलतो, यांवर शिक्षणाची पद्धत व नेत्याचे स्थान ही दोन्ही ठरत आली आहेत.

प्राचीन आधार : भारतीय परंपरेत वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग मानले आहेत. चामड्याने मढविलेली ढोल व ताशा ही वाद्ये अवनद्ध वर्गात, तर झांज घन वर्गात मोडते. भरताच्या नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांच्या उत्पत्तीची एक कथा आली आहे. स्वाती मुनी पाणी आणण्यासाठी सरोवरावर गेले असता पाऊस सुरू झाला. कमळाच्या मोठ्या, मध्यम व लहान पानांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे ध्वनी त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि त्यांवरून पुष्कर वाद्यांची कल्पना त्यांना सुचली. कथेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, अवनद्ध वाद्याचा उगम ऐकण्यात आहे, ही धारणा तीतून व्यक्त होते. लहानमोठ्या ध्वनींना वेगवेगळे ओळखून त्यांची एकत्र रचना करणे, हे या कथेतील तत्त्व ढोल व ताशा यांच्या जोडीसही लागू पडते.

नौबत व ताशा : मध्ययुगात नगारा व नौबत ही सत्तेची चिन्हे होती. गडावर, वाड्याच्या दरवाजावर व सैन्यात ठरावीक वेळी वा प्रसंगी त्यांचे वादन होई. पुण्यातील शनिवारवाड्याच्या (बांधकाम १७३०–३२) दिल्ली दरवाजावरील नगारखाना या प्रथेची साक्ष देतो. येथील श्रवण प्रामुख्याने संकेताचे होते. वाजणाऱ्या घोषावरून प्रहर, स्वारीचे आगमन अथवा कूच ओळखावयाचे, एवढीच ऐकणाऱ्याकडून अपेक्षा असे. ताशाचे नाव फार्सी ‘तास’ (वाडगे) या शब्दाशी संबद्ध मानतात. उथळ वाडग्यासारख्या भांड्यावर चामडे ताणून केलेले हे वाद्य दोन बारीक काड्यांनी वाजवितात. मोहरमच्या ताबूतांच्या मिरवणुकीत ताशाला प्रमुख स्थान होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुण्यासारख्या शहरांतील हिंदूही या मिरवणुकांत भाग घेत असत. गणेशोत्सवातील ताशाचा नाद या सामाईक नागर परंपरेतून आलेला आहे, हे विसरता येत नाही.

ग्रामीण परंपरा : पुणे परिसरातील गावांत ग्रामदैवताची यात्रा, पालखी व लग्नसमारंभ यांत ढोल, हलगी, सनई, संबळ, झांज ही वाद्ये वाजविली जात. लेझीम खेळणाऱ्यांना ढोलाची साथ असे. गावातील मूल या वादनाच्या सान्निध्यात वाढे. त्याला कोणी बसवून शिकवीत नसे. ते प्रथम टाळ्या वाजवी, मग झांज हाती घेई, त्यानंतर ढोल व शेवटी ताशा, असा क्रम सामान्यतः असे. या क्रमामुळे ताशापर्यंत पोहोचलेल्या वादकाच्या कानात इतर सर्व वाद्यांचे काम आधीच साठलेले असे. भजनी ठेक्याची आठ मात्रांची चाल, लेझमीची पावले व पालखीची गती या सर्वांचा अनुभव त्याच्या वादनात उतरे. पुण्याहून सिंहगडाकडे जाणाऱ्या मार्गावरील धायरी हे याच हवेली तालुक्यातील गाव. धारेश्वराच्या देवस्थानामुळे ते परिसरात ओळखले जाते. धायरीसारख्या गावांत यात्रा हीच वादनाची शाळा होती.

या शाळेची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. चामड्याची वाद्ये वाजविणे हे जातिव्यवस्थेत ठरावीक जातींवर सोपविलेले काम होते व त्यास प्रतिष्ठा नव्हती. मोबदला अनिश्चित व काम मात्र सक्तीचे, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीच्या प्रभावाने अनेक गावांतील दलितांनी गावकीच्या इतर कामांबरोबर वाजविण्याचे सक्तीचे कामही नाकारले. हा नकार आत्मसन्मानाचा होता. पुढे शहरातील सुशिक्षित तरुणांनी तीच वाद्ये हौसेने व अभिमानाने गळ्यात घेतली. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या कानाने जपलेले कौशल्य मूळ वादकांच्या नावाची नोंद न होताच नव्या पथकांकडे आले. पथकांच्या इतिहासात ही उणीव अद्याप पुरेशी भरून निघालेली नाही.

वाद्ये व त्यांचे श्रवण : ढोल हे दोन तोंडांचे दंडगोलाकार वाद्य असून ते कमरेला बांधून वाजवितात. त्याच्या एका तोंडावर ‘टिपरू’ या लाकडी काडीने आघात करतात, तर दुसऱ्यावर हाताच्या पंजाने थाप देतात. थापेचा ध्वनी खर्जाचा व पसरट असतो, टिपरूचा तुलनेने उंच व नेमका असतो. ताशाचा ध्वनी तीव्र व तुटक असून त्यावरील जलद, अखंड आघातांच्या मालिकेस ‘तर्री’ म्हणतात. झांज मात्रेचा कणा स्पष्ट करते. काही पथकांत घणघणाट करणारा ‘टोल’ही असतो. मानवी कानाला उंच व तुटक ध्वनीचा आरंभबिंदू चटकन कळतो, खर्जाच्या ध्वनीचा तितका कळत नाही. म्हणून शेकडो ढोलांच्या गजरातही ताशाची काडी ऐकू येते, आणि संख्येने थोडा असूनही ताशाच पथकाचा चालक ठरतो. नेतृत्व ताशाकडे जाण्याचे कारण परंपरेइतकेच ध्वनिशास्त्रातही आहे.

पूर्वी ढोल व ताशा दोहोंना बकऱ्याचे चामडे वापरीत. भाद्रपदातील दमट हवेत चामडे सैल पडे. त्यामुळे ताशा शेकावा लागे व ढोलाच्या दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागत. वादक बोटाने टिचकी मारून आवाज पारखी, शेक पुरेसा झाला की नाही हे कानानेच ठरवी व मिरवणुकीच्या मध्येही ही पारख करीत राही. वाजविण्यापूर्वी ऐकणे हा शिक्षणाचा पहिला पाठ होता. पुढे कृत्रिम पडदे (‘फायबर’ची पाने) प्रचारात आले. ती पावसात सैल पडत नाहीत, अधिक तीव्र वाजतात व वारंवार बदलावी लागत नाहीत. त्यांमुळे श्रम वाचले, तथापि वाद्याचा स्वर सतत तपासण्याची सवयही कमी झाली. नवशिक्याला आता वाद्य तयार स्थितीत मिळते, आणि त्याचे ऐकणे थेट तालापासून सुरू होते.

गणेशोत्सव व मेळे : १८९३–९४ च्या सुमारास पुण्यात गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आले. लोकमान्य टिळकांनी त्याचा पुरस्कार केला व भाऊसाहेब रंगारी प्रभृतींनी त्याच्या उभारणीत भाग घेतला. विसर्जनाची एकत्रित मिरवणूक हे या उत्सवाचे वैशिष्ट्य ठरले. त्या काळातील महत्त्वाची निर्मिती म्हणजे मेळे होत. गणवेशातील तरुण व मुले अनेक आठवडे तालीम करून पदे म्हणत, टिपऱ्या व लेझीम खेळत आणि रस्त्यावरून फिरत. उत्सवापूर्वी ठरावीक काळ सराव करावयाचा, एका नायकाच्या हाताखाली सर्वांनी सारखे करावयाचे आणि मग लोकांसमोर जावयाचे, ही पद्धत मेळ्यांनी रुजविली. ग्रामीण वादनात नसलेली कालबद्ध तालीम पुढील पथकांना येथून मिळाली, असे म्हणता येईल. विसाव्या शतकात मंडळांच्या मिरवणुकीसाठी आसपासच्या तालुक्यांतील ढोल-लेझीमचे ताफे पुण्यात येत. त्यांचे वादन हा मिरवणुकीचा प्रमुख आकर्षणविषय होता.

शालेय व संस्थात्मक पथके : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यातील शैक्षणिक संस्थांनी ढोल-ताशा वादनाचा विद्यार्थ्यांच्या सामूहिक शिक्षणासाठी उपयोग केला. त्यांत वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. ढोलाबरोबर खेळावयाची ‘बरची’ ही तेथील पथकाची ओळख ठरली. न्यू इंग्लिश स्कूल, रमणबाग या शाळेचे आणि १९७९ मध्ये स्थापन झालेल्या स्व-रूपवर्धिनी या संस्थेचे पथकही सर्वपरिचित आहे. पुढे मुली व स्त्रियाही ढोल व ताशा वाजवू लागल्या, आणि पूर्वी पुरुषांपुरते मर्यादित असलेले हे क्षेत्र खुले झाले.

या पथकांनी शिक्षणाचा क्रमच बदलला. गावातील मूल आधी वर्षानुवर्षे ऐकत असे व नंतर वाजवीत असे. शाळेतील विद्यार्थ्याला मात्र सुमारे दोन महिन्यांत ऐकणे व वाजविणे दोन्ही शिकावयाचे होते. त्यासाठी वादनाचे तुकडे पाडण्यात आले. प्रत्येक तुकड्यास वा ठेक्यास ‘हात’ म्हणतात. हात ओळखणे, त्याचे आवर्तन धरणे व ताशाच्या इशाऱ्यावर पुढील हातात जाणे, असे शिक्षणाचे टप्पे झाले. अनुभवातून नकळत होणारे ग्रहण सोडून हेतुपुरस्सर दिलेल्या पाठांकडे वळणे, हा या कालखंडातील सर्वांत मोठा बदल होय.

श्रवणाच्या रीती : सरावासाठी येणाऱ्या नवशिक्यांचे कान एकसारखे घडलेले नसतात. त्यांच्या ऐकण्याच्या स्थूलमानाने चार रीती आढळतात. (१) आकृतिश्रवण : संपूर्ण ठेका एकसंध आकृती म्हणून ऐकून तो तसाच परत करणे. यात्रा-भजनांच्या वातावरणात वाढलेल्यांत ही रीत बहुधा असते. असा वादक लवकर शिकतो, परंतु चूक झाल्यास ती ठेक्यात नेमकी कोठे झाली हे त्याला सांगता येत नाही. (२) गणनश्रवण : मात्रा मोजीत ऐकणे. शालेय कवायत अथवा पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा परिचय असणाऱ्यांत ती दिसते. असा वादक अचूक असतो, मात्र गणती चुकताच थांबतो व पुन्हा प्रवेश करणे त्याला अवघड जाते. (३) बोलश्रवण : आघात तोंडाने उच्चारावयाच्या अक्षरांच्या रूपात ऐकणे. तबला-पखवाजाच्या शिक्षणातील पढंत ही या रीतीची शास्त्रोक्त अवस्था होय. बोल तोंडात असलेला वादक वाद्य हाती नसतानाही सराव करू शकतो. (४) शेजारश्रवण : स्वतः ताल न धरता बाजूच्या वादकाच्या हाताकडे पाहत व त्याचा ढोल ऐकत वाजविणे. नवशिक्यांपैकी अनेक जण येथून सुरुवात करतात. या रीतीत प्रत्येक वादक शेजाऱ्यापेक्षा किंचित मागे राहतो व रांगेच्या टोकास हा फरक स्पष्ट ऐकू येतो.

यांपैकी कोणतीही एक रीत श्रेष्ठ मानणे योग्य नाही. उत्तम शिक्षक नवशिक्याची मूळ रीत ओळखून तीत दुसरीची भर घालतो. आकृतीने ऐकणाऱ्यास तो मात्रा मोजावयास लावतो व मोजणाऱ्याकडून बोल म्हणवून घेतो, तर शेजाऱ्यावर विसंबणाऱ्यास काही काळ झांज देऊन मात्रेची जबाबदारी त्याच्यावर टाकतो. ढोल हाती देण्यापूर्वी टाळ्यांवर अथवा मांडीवर थाप देऊन ठेका पक्का करण्याची पद्धत याच हेतूने आली. वाद्याच्या मोठ्या आवाजात स्वतःची चूक ऐकू येत नाही, टाळीत ती लगेच उघड होते.

नेतृत्व : पथकाचे संघटन पथकप्रमुखाकडे असले, तरी प्रत्यक्ष वादनाचे नेतृत्व प्रमुख ताशावादक करतो. वादनाचा आरंभ, लयीची वाढ, हात बदलण्याचा इशारा व समाप्ती ही त्याची कामे होत. हात बदलण्यापूर्वी तो ताशावर ठरलेला तुकडा वाजवितो. तो ऐकताच ढोलवादकांनी चालू आवर्तन पूर्ण करून नव्या हातात प्रवेश करावयाचा असतो. म्हणजे ढोलवादकाला स्वतःचे वादन न थांबविता दुसऱ्या वाद्याकडे कान ठेवावा लागतो. हे द्विविध अवधान साधणे, हाच नवशिका व तयार वादक यांच्यातील खरा फरक आहे.

नेत्याचे श्रवण याहून वेगळे असते. त्याला आपला ताशा ऐकण्यापेक्षा पथकाचा एकत्रित ध्वनी ऐकावा लागतो. कोणती रांग मागे पडत आहे, कोठे टिपरूचा आवाज पुसट झाला आहे, थकव्यामुळे लय आपोआप मंदावत आहे की उत्साहाने पळत आहे, हे ओळखून तो इशारा लवकर अथवा उशिरा देतो. थकलेल्या पथकाला जलद हातात नेणे ही अननुभवी नेत्याची नेहमीची चूक होय. अनुभवी ताशावादक अशा वेळी एक सोपा हात देऊन पथकाला सावरू देतो. ताशावादनातील कौशल्य म्हणजे केवळ तर्रीची गती, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. हाताने अतिशय वेगवान असलेला वादकही इतरांना ऐकू शकत नसेल, तर तो पथक चालवू शकत नाही.

अंतर व विलंब : पथकाचा आकार वाढला की श्रवणाला ध्वनीच्या वेगाची मर्यादा पडते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मी. असतो. म्हणजे ३५ मी. अंतरावरील वादकाला ताशाचा आघात सुमारे एकदशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. तेव्हा हा विलंब मात्रेच्या पाचव्या भागाएवढा होतो. मागील रांग कानाशी प्रामाणिक राहून वाजवू लागली, तरी पुढे उभ्या असलेल्या नेत्याला तिचा ध्वनी आणखी एकदशांश सेकंदाने, एकूण दोनदशांश सेकंद मागे पडलेला असा, ऐकू येतो. तिला जुळवून घेण्यासाठी तो थांबला की लय मंदावते आणि न थांबल्यास पथक दुभंगते. अंतरावरून एकमेकांना ऐकत ताल धरणाऱ्या व्यक्तींची लय विलंब वाढल्यास मंदावते, हे प्रयोगांतूनही दिसून आले आहे.

मोठ्या पथकांनी यावर व्यवहारातून तोडगे काढले. ताशे एका ठिकाणी न ठेवता रांगांमध्ये विभागले जातात. झांजांना मध्यभागी स्थान मिळते. ध्वज नाचविणारे व हाताने इशारे देणारे सहायक यांच्याद्वारे कानाचे काही काम डोळ्यांकडे सोपविले जाते. एका जागी उभे राहून केलेल्या वादनास ‘स्थिर वादन’ म्हणतात. त्यात वादक समोरासमोर अथवा वर्तुळाकार उभे राहू शकत असल्याने अंतर कमी होते व गुंतागुंतीचे हात शक्य होतात. चालत्या मिरवणुकीत साधे व ठसठशीत हात टिकतात. वादनातील रचनांची निवड अशा प्रकारे श्रवणाच्या शक्यतांनी नियंत्रित झालेली आहे.

जागेचाही परिणाम मोठा असतो. पुण्यातील अनेक पथकांचा सराव मुठा नदीच्या पात्रात अथवा मोकळ्या मैदानात होतो. तेथे ध्वनी परावर्तित होत नाही व वादकाला मूळ आघातच ऐकू येतो. लक्ष्मी रस्त्यावर मात्र दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून ध्वनी परततो आणि आघाताबरोबर त्याचे पडसादही कानी येतात. मंडईपासून निघालेली मिरवणूक बेलबाग चौकातून या रस्त्यावर येते, तेव्हा मैदानात तयार झालेल्या पथकाची खरी परीक्षा होते. पुढे टिळक चौकाच्या मोकळ्या जागेत आल्यावर तोच ठेका पुन्हा वेगळा भासतो.

तौलनिक विचार : श्रवण, अंतर व नेतृत्व यांचा प्रश्न अन्य समूहवादनांतही वेगवेगळ्या रीतींनी सोडविलेला आढळतो. केरळातील चेंडा मेळात वादक बहुधा एका जागी समोरासमोर रांगांनी उभे राहतात. त्यांचे नेतृत्व ‘प्रमाणी’ करतो. त्रिचूर पूरम् उत्सवातील इलंजित्तर मेळात सुमारे अडीचशे वादक असतात. पंचारी मेळात आवर्तन ९६ मात्रांपासून आरंभ होऊन ४८, २४, १२ व ६ मात्रा असे क्रमाने लहान होत जाते. आरंभीचे दीर्घ आवर्तन मनात धरून ठेवण्यासाठी प्रदीर्घ शिक्षण लागते, व ते दगडावर काठीने आघात करीत सुरू होते. लयीची वाढ पूर्वनियोजित असल्याने प्रमाणीला क्षणोक्षणी निर्णय घ्यावे लागत नाहीत. पुणेरी पथकाची रचना याहून सैल आहे, म्हणून तेथे ताशावादकाच्या तात्कालिक निर्णयाला अधिक महत्त्व येते.

त्रिनिदाद बेटावर १८४५ पासून गेलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांबरोबर ताशा तेथे पोहोचला. मोहरमच्या (तेथील ‘होसे’) मिरवणुकीत व विवाहांत तो आजही वाजविला जातो. तेथील संचात ‘कटर’ हा नेतृत्व करणारा ताशा, ‘फुलर’ हा आधाराचा ताशा, एक मोठा ढोल व झांज असतात. ठेक्यांना तेथे ‘हँड’ म्हणजे हात असेच म्हणतात. अवघ्या चार-पाच जणांच्या या संचात प्रत्येकाला प्रत्येक जण ऐकू येतो, त्यामुळे कटरला विस्तृत उपज करता येते. एकच वाद्य लहान संचात उपजेचे व मोठ्या पथकात आज्ञेचे साधन होते, हे या तुलनेतून दिसते. जपानमध्ये दाइहाची ओगुची यांनी १९५१ मध्ये ओसुवा दाइको हा संघ स्थापून समूह-ढोलवादनास आधुनिक रूप दिले. जपानी ढोलवादनातही आघात तोंडी अक्षरांनी पाठ करून घेण्याची जुनी पद्धत आहे.

विस्तार व नवे श्रोते : २००० नंतर पुणे परिसरात स्वतंत्र पथकांची संख्या झपाट्याने वाढली. महाविद्यालयीन विद्यार्थी, नोकरदार व स्त्रिया मोठ्या प्रमाणावर त्यांत सामील झाल्या आणि काही पथकांत वादकांची संख्या शेकड्यांत गेली. याच काळात शहराच्या कडेची गावे उपनगरे बनली. धायरीचा काही भाग आधीच महानगरपालिकेच्या हद्दीत होता. २०१७ मध्ये समाविष्ट झालेल्या ११ गावांत धायरीचाही अंतर्भाव होता. अशा ठिकाणी यात्रेच्या वादनात वाढलेले मूळ रहिवासी आणि बाहेरगावांहून आलेले नवे रहिवासी एकत्र राहतात. पहिल्यांचा कान आकृतीने ऐकणारा, तर दुसऱ्यांचा बहुधा चित्रपटसंगीतावर अथवा ध्वनिमुद्रणावर घडलेला असतो. एकाच रांगेत या दोहोंना उभे करावयाचे, हे आजच्या शिक्षकापुढील काम आहे.

भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रणे हे शिक्षणाचे नवे साधन झाले आहे. त्यामुळे पाठ घरी पुन्हा ऐकता येतो. तथापि लहान ध्वनिवर्धकातून खर्जाचे ध्वनी नीट उमटत नाहीत. ताशा व टिपरू ऐकू येतात, थाप मात्र जवळजवळ नाहीशी होते. केवळ मुद्रणावर शिकलेल्या वादकाचा टिपरूचा हात तयार व थापेचा हात कच्चा राहण्याचा धोका यामुळे संभवतो. २०२० व २०२१ मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे विसर्जनाच्या मिरवणुका झाल्या नाहीत. दरवर्षी जुन्यांच्या शेजारी उभे राहून नव्यांनी शिकण्याची साखळी त्यामुळे दोन वर्षे खंडित झाली. लिखित परंपरा नसलेल्या कलेला असा खंड विशेष जाणवतो.

श्रवणहानी व नियमन : ज्या कानावर ही कला उभी आहे, त्याच कानाला तिच्यापासून इजा होऊ शकते. व्यावसायिक आरोग्याच्या प्रचलित मानकांनुसार ८५ डेसिबल पातळीचा ध्वनी दिवसातून आठ तासांपर्यंत सुरक्षित मानतात व दर ३ डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास व १०० डेसिबलला सुमारे १५ मिनिटे एवढीच मर्यादा उरते. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ९० डेसिबलांहून अधिक पातळ्या वारंवार नोंदल्या गेल्या आहेत, आणि ही मिरवणूक अनेक वर्षी चोवीस तासांहून अधिक काळ चालली आहे. वादक ध्वनीच्या उगमालगत असल्याने त्याच्या कानावरील भार याहूनही अधिक असतो. मोठ्या आवाजानंतर काही काळ श्रवणक्षमता मंदावते. अशा वेळी वादक नकळत अधिक जोराने आघात करतो, आवाज वाढतो व श्रवण आणखी मंदावते. प्रमुख ताशावादकाच्या बाबतीत हे चक्र सर्वांत घातक ठरते, कारण सूक्ष्म ऐकणे हेच त्याचे काम असते. कानात बोळे घालणे, सरावात विश्रांतीचे अंतर ठेवणे व नवशिक्यांचा सराव कमी वाद्यांवर घेणे हे उपाय साधे आहेत. बोळ्यांमुळे सर्व ध्वनी सौम्य होतात, तरी ताशाचा तुटक आघात त्यांतूनही ओळखता येतो. त्यामुळे त्यांच्या वापराने वादन बिघडते हा समज टिकणारा नाही.

केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाने ३० ऑगस्ट २०२४ रोजीच्या आदेशात ढोल-ताशा-झांज पथकातील वादकांची संख्या ३० पर्यंत सीमित करण्याचे निर्देश दिले. या संख्यामर्यादेस सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी स्थगिती दिली. या वादात एका बाजूस रहिवासी, रुग्ण व वृद्ध यांच्या स्वास्थ्याचा, तर दुसऱ्या बाजूस उत्सवाच्या परंपरेचा व तरुणांच्या सहभागाचा विचार मांडला गेला. वादनाच्या गुणवत्तेचा विचार त्या मानाने मागे राहिला. संख्या कायद्याने ठरवावी की नाही, हा प्रश्न वेगळा. परंतु एकमेकांना ऐकू न येण्याइतके मोठे पथक संगीतदृष्ट्या दुबळे होते, हे पूर्वोक्त विवेचनावरून स्पष्ट होते.

समारोप : ढोल-ताशा वादनाच्या इतिहासात नौबतीचे संकेतश्रवण, गावातील सहवासाचे श्रवण, शाळेतील पाठांचे श्रवण व मोठ्या पथकांतील विभागलेले श्रवण असे टप्पे दिसतात. प्रत्येक टप्प्यात नेत्याचे स्वरूप पालटले. नगारखान्यातील आज्ञापालक वादक, यात्रेतील जाणता गावकरी, शाळेतील शिक्षक व मोठ्या पथकातील प्रमुख ताशावादक हे त्याचे क्रमिक रूप होय. वाद्ये, पोशाख व संख्या यांत झालेली वाढ सहज नजरेस येते. ऐकण्याच्या रीतींतील बदल मात्र अनुभवी वादकांच्या स्मरणातच आहेत. ग्रामीण ताफ्यांतील वृद्ध वादकांचे हात, त्यांचे बोल व शिकविण्याच्या पद्धती यांची नावनिशीवार नोंद व ध्वनिमुद्रण होणे, ही या क्षेत्रातील तातडीची गरज आहे.